अमेरिकेची मतपत्रिका खालून वर वाचा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीच्या मिडलसेक्स कौंटीत स्वतःचं घर, दोन मुलं पब्लिक स्कूलमध्ये, आई-वडील ग्रीन कार्डवर सोबत, आणि नवरा-बायकोनं नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतलेली. टीव्हीवर चोवीस तास वॉशिंग्टन चालू असतं, पण न्यू जर्सीचा राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल आधीच ठरल्यासारखा. मग आपल्या मताचा उपयोग काय, आणि सुरुवात कुठून करायची?

ठरल्यासारखा आहे हे खरंच. १९८८ नंतर या राज्यानं राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवार निवडलेला नाही, आणि राज्याची राष्ट्राध्यक्ष ठरवणारी १४ इलेक्टोरल मतं कुठं जाणार यावर कोणी पैज लावत नाही. पण ही झाली मतपत्रिकेची सगळ्यात वरची ओळ. खिशातून जाणारा पैसा, मुलांच्या वर्गातली पटसंख्या, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय उभं राहणार, हे सगळं खालच्या ओळींत ठरतं, आणि तिथं हार-जीत कधीकधी शे-दोनशे मतांवर होते. आपली माणसं व्हॉट्सअॅपवर सिनेटच्या गणितावरून रात्री बारापर्यंत भांडतात आणि टाउनशिपचा मेयर कोण म्हणून विचारलं की फोनमध्ये शोधायला लागतात. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तेव्हा बातम्या जरा बाजूला ठेवा आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल हातात घ्या.

हे बिल साधारण जुलैमध्ये येतं. त्यात चार हप्ते असतात: १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर आणि पुढच्या वर्षीचे १ फेब्रुवारी व १ मे. शेवटचे दोन आकडे अंदाजे असतात. बँक एस्क्रोमधून (घरकर्जाच्या हप्त्यासोबत घेऊन ठेवलेल्या पैशातून) भरत असेल तर बिल नुसतं माहितीपुरतं येतं आणि न वाचता ड्रॉवरमध्ये जातं. ते बाहेर काढा. त्यावर ओळी असतात: कौंटी टॅक्स, कौंटी ओपन स्पेस, डिस्ट्रिक्ट स्कूल टॅक्स, लोकल म्युनिसिपल टॅक्स, लायब्ररी, आणि काही टाउनशिपमध्ये फायर डिस्ट्रिक्ट (अग्निशमन दलाचा वेगळा विभाग). प्रत्येक ओळीसमोर १०० डॉलर मूल्यांकनामागे (म्हणजे करासाठी धरलेल्या घराच्या किमतीमागे) दर किती आणि रक्कम किती ते छापलेलं असतं. राज्यभराची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे आणि त्यातला साधारण अर्धा वाटा शाळांचा. नीट बघा, या कागदावर वॉशिंग्टनची एकही ओळ नाही, ट्रेंटनची म्हणजे राज्य सरकारचीही नाही. जी काही नावं आहेत त्यांच्यामागे तुम्हीच निवडून द्यायची मंडळं आहेत: कौंटी कमिशनर, स्कूल बोर्ड, टाउनशिप कौन्सिल, फायर कमिशनर. सगळ्यात मोठ्या रकमेच्या ओळीसाठी सगळ्यात कमी लोक मत देतात, ही यातली खरी गंमत.

स्कूल बोर्डात बहुतेक ठिकाणी नऊ सदस्य असतात. मुदत तीन वर्षांची, पगार शून्य, आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढं पक्ष नसतो. म्हणून पक्ष बघून शिक्का मारायची सवय इथं कामाला येत नाही. बजेटचं वेळापत्रक ठरलेलं आहे. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला गव्हर्नर राज्याचं बजेट मांडतात, लगेच दोन दिवसांत कोणत्या डिस्ट्रिक्टला किती राज्य मदत याचे आकडे येतात, मार्चमध्ये बोर्ड तात्पुरतं बजेट मंजूर करतं, आणि एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते. शाळेसाठी टॅक्समधून गोळा करायची एकूण रक्कम वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विम्याचा वाढलेला खर्च, पटसंख्येतली वाढ असे अपवाद आहेत, आणि मागच्या वर्षांत न वापरलेली वाढ साठवून पुढं वापरता येते. बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होत असेल आणि बजेट या मर्यादेत असेल, तर त्यावर मतदान होत नाही. म्हणजे ती सुनावणी हाच तुमच्या हातातला प्रसंग.

सुनावणीत बहुतेक मंडळी एक चूक करतात: तीन मिनिटं टॅक्स किती वाढला यावर संताप व्यक्त करतात आणि खाली बसतात. बोर्ड मान डोलावतं, पुढचं नाव पुकारलं जातं. त्यापेक्षा डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘युजर-फ्रेंडली बजेट’ नावाचा कागद टाकणं बंधनकारक असतं, तो आधी वाचा. प्रति विद्यार्थी खर्च, कर्मचाऱ्यांची संख्या, शिल्लक रक्कम सगळं त्यात असतं. सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: या बजेटमध्ये शिलकीतून किती रक्कम घेतली, आणि ती पगारासारख्या दरवर्षीच्या खर्चासाठी वापरली का? एकदाच मिळणाऱ्या पैशानं कायमचा खर्च भागवला की पुढच्या वर्षी तेवढाच खड्डा परत दिसतो, आणि मग संगीताचे शिक्षक किंवा बसच्या फेऱ्या कापल्या जातात. बोलायला उभं राहिल्यावर नाव, पत्ता, एक आकडा आणि एक मागणी, एवढंच. लिहून न्या आणि वाचून दाखवा. तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात, त्याहून जास्त लिहिलंत तर घंटा तुमच्या मुद्द्याआधी वाजते.

शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढायचं असेल तर मात्र मतदान लागतं, आणि ते नोव्हेंबरमध्येच होईल असं नाही. जानेवारी, मार्च, सप्टेंबर आणि डिसेंबरमधल्या ठरावीक मंगळवारी खास निवडणूक घेता येते. अशा दिवशी मतदार कमी येतात हे बोर्डालाही माहीत असतं, विरोधकांनाही. पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की खर्चाचा ४० टक्के भार राज्य उचलणार. इथं एक शब्द शोधा: पात्र. ४० टक्के हे पात्र खर्चाचे असतात, संपूर्ण प्रकल्पाचे नव्हेत. नवीन टर्फ, सभागृहाची सजावट यातलं बरंच काही पात्र ठरत नाही. शिवाय राज्य त्या वर्षी मदतीची पूर्ण तरतूद करेलच असंही नाही. म्हणून ‘सरासरी घराला महिन्याला अमुक डॉलर’ हा आकडा कोणत्या मूल्यांकनावर आणि किती वर्षांसाठी काढला आहे ते विचारा आणि आपल्या घराच्या आकड्यानं पुन्हा गुणून बघा.

तुमच्या बिलात फायर डिस्ट्रिक्टची ओळ असेल तर आणखी एक निवडणूक तुमच्या नकळत होते. परंपरेनं ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी २ ते रात्री ९. काही डिस्ट्रिक्टनी ती नोव्हेंबरमध्ये हलवली आहे. जिथं ती फेब्रुवारीत होते तिथं कमिशनरही निवडले जातात आणि बजेटवरही मत पडतं. थंडीत त्या शनिवारी फायरहाउसमध्ये येतात ते बहुतेक दलातले लोक आणि त्यांचे नातेवाईक. त्यात त्यांची काही चूक नाही, बाकीच्यांना तारीखच माहीत नसते.

बिलावरच थोडं अजून थांबू, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथं वाया जातात. हप्ता चुकला तर पहिल्या १५०० डॉलरवर ८ टक्के आणि त्यापुढच्या थकबाकीवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लागतं. साधारण १० दिवसांची सवलत असते, पण त्या मुदतीत पैसे कार्यालयात पोचलेले लागतात, टपालाचा शिक्का चालत नाही. बिल मिळालंच नाही ही सबबही चालत नाही. नवीन बांधलेलं घर घेतलं असेल किंवा बेसमेंट, डेक परवाना काढून केलं असेल, तर ऑक्टोबरमध्ये वाढीव मूल्यांकनाचं वेगळं बिल येतं आणि १ नोव्हेंबरला भरायचं असतं. एस्क्रोमध्ये त्याची तरतूद नसते, म्हणून पुढच्या वर्षी बँकेचा हप्ता एकदम चढतो आणि लोक बँकेशी भांडत बसतात.

मूल्यांकन जास्त लागलंय असं वाटत असेल तर कौंटी बोर्ड ऑफ टॅक्सेशनकडे अपील करता येतं. वर्षाच्या सुरुवातीला मूल्यांकनाचं कार्ड टपालानं येतं आणि बहुतेक कौंट्यांत अपिलाची मुदत १ एप्रिल असते, गावाचं पुनर्मूल्यांकन झालं असेल तर १ मे. मॉनमथसारख्या काही ठिकाणी वेळापत्रक वेगळं आणि बरंच आधीचं आहे. फी मूल्यांकनानुसार: दीड ते पाच लाख डॉलरला २५ डॉलर, दहा लाखांपर्यंत १०० डॉलर. इथं टॅक्स जास्त आहे हा मुद्दा ऐकलाच जात नाही. घराचं बाजारमूल्य किती, एवढाच प्रश्न असतो, आणि तेही आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरचं.

गणित असं चालतं. गावाचं सरासरी प्रमाण समजा ६० टक्के आहे, म्हणजे मूल्यांकन बाजारभावाच्या ६० टक्के धरलेलं. या प्रमाणाच्या १५ टक्के वर-खाली मुभा असते, म्हणून वरची हद्द ६९ टक्के. तुमचं मूल्यांकन ४,२०,००० आणि घराची खरी किंमत ६,५०,००० असेल तर प्रमाण ६४.६ टक्के येतं. सरासरीपेक्षा जास्त, पण हद्दीच्या आत, म्हणून एक डॉलरही कमी होणार नाही. हीच खरी किंमत ५,८०,००० सिद्ध करता आली तर प्रमाण ७२.४ टक्के होतं, हद्द ओलांडली जाते आणि मूल्यांकन ५,८०,००० च्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ३,४८,००० वर येतं. ७२,००० ची घट. दर १०० डॉलरला २.९ असेल तर वर्षाला २०८८ डॉलर. हे गणित घरी बसून पाच मिनिटांत होतं, ते केल्याशिवाय अपील भरू नका, कारण बोर्ड मूल्यांकन वाढवूही शकतं. पुरावा म्हणून आसपासच्या तीन ते पाच घरांची नोंदलेली विक्री लागते, शक्यतो १ ऑक्टोबरच्या आधीची. वेबसाइटवरचा अंदाज, विक्रीला लावलेली किंमत, बँकेनं जप्त करून विकलेलं घर, यातलं काहीही चालत नाही. कागद सुनावणीच्या सात दिवस आधी बोर्डाला आणि असेसरला (मूल्यांकन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) पोचले पाहिजेत, आणि टॅक्स थकलेला नसावा. असेसरला आधी फोन करायला लाजू नका. बरीच प्रकरणं सुनावणीआधीच तडजोडीत मिटतात.

प्रमाणित टपालानं म्हणजे सर्टिफाइड मेलनं आलेलं एक पत्रही घरोघरी न उघडता पडून असतं. प्लॅनिंग बोर्ड किंवा झोनिंग बोर्डापुढं (कुठं काय बांधायचं याची परवानगी देणाऱ्या गावाच्या मंडळांपुढं) एखादा प्रकल्प आला की जागेपासून २०० फुटांच्या आतल्या मालकांना किमान १० दिवस आधी कळवावं लागतं. तुम्हाला ते आलं म्हणजे शेजारी काहीतरी होऊ घातलंय. त्या भागात मुळात परवानगीच नसलेला वापर मागितला असेल तर झोनिंग बोर्डाच्या सात सदस्यांपैकी पाच मतं लागतात, म्हणजे तीन जणांना पटवलंत तरी प्रकल्प अडतो. सोसायटीभर फिरून गोळा केलेल्या सह्यांचा कागद बोर्ड पुरावा मानत नाही. प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. बिल्डरचा ट्रॅफिक इंजिनिअर साक्ष देऊन झाला की लोकांना त्याला प्रश्न विचारता येतात. तिथं भाषण करू नका, प्रश्नच विचारा: वाहनं कोणत्या दिवशी मोजली, शाळा सुटायच्या वेळी मोजली का, पावसाचं पाणी कोणत्या बाजूला सोडणार. आपलं म्हणणं मांडायची वेळ नंतर येते, आणि ते शपथेवर मांडायचं असतं.

आता मतपत्रिकेकडे. न्यू जर्सीत दरवर्षी निवडणूक असते. काँग्रेसची सम वर्षांत, गव्हर्नर आणि विधिमंडळाची विषम वर्षांत, २०२१ आणि २०२५ ला गव्हर्नर निवडला गेला तसं. राज्यात ४० विधिमंडळ मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. राज्य सरकार किती बारीक गोष्टीपर्यंत पोचतं याचा नमुना रोज पेट्रोल भरताना दिसतो: स्वतः पंप हातात घ्यायला मनाई करणारा १९४९ चा कायदा अजून आहे, आणि २०२३ मध्ये ओरेगननं माघार घेतल्यावर असं करणारं हे एकमेव राज्य उरलंय.

पण आपल्या भागात खरी निवड अनेकदा नोव्हेंबरमध्ये होतच नाही. ती जूनमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत होते. एका पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या गावात प्रायमरी जिंकली की नोव्हेंबर हा उपचार. आणि प्रायमरीची मतपत्रिका इथं कित्येक दशकं वेगळ्याच पद्धतीनं छापली जायची. २१ पैकी १९ कौंट्यांत पक्षाच्या कौंटी संघटनेनं पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, वरपासून खालपर्यंत, एकाच रकान्यात एकाखाली एक. त्याला ‘लाइन’ म्हणत. विरोधात उभा राहिलेला दूर कोपऱ्यात, मध्ये रिकाम्या चौकटी, त्या भागाला गमतीनं ‘बॅलट सायबेरिया’ म्हणायचे. वरचं ओळखीचं नाव पाहून लोक बोट सरळ खाली ओढत न्यायचे. अमेरिकेच्या सिनेटसाठी उभे राहिलेल्या अँडी किम यांनी २०२४ मध्ये याविरुद्ध खटला भरला, मार्चमध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ही छपाई थांबवली, आणि २०२५ मध्ये राज्याच्या कायद्यानं प्रत्येक पदाचे उमेदवार एका चौकटीत एकत्र छापायची पद्धत आली. पक्षाची घोषवाक्यं अजून नावाशेजारी असतात, पण आता प्रत्येक चौकटीत थांबून नाव वाचावं लागतं. कौंटी कमिशनर, कौन्सिल या चौकटींपर्यंत पोचेस्तोवर बरेच जण कंटाळून सोडून देतात, म्हणून तुमचं तिथलं मत वरच्यापेक्षा जास्त वजनाचं.

प्रायमरीत मत द्यायला पक्ष जाहीर करावा लागतो. नोंदणीत पक्ष लिहिला नसेल तर मतदान केंद्रावर त्या दिवशीही सांगता येतो, आणि मग बदलेपर्यंत तुम्ही त्या पक्षाचे. एका पक्षाचे असताना दुसऱ्याच्या प्रायमरीत जायचं असेल तर बदल ५५ दिवस आधी नोंदवावा लागतो. पक्ष न जाहीर केलेल्याला प्रायमरीची टपाली मतपत्रिका येत नाही, आणि मग आपली मतपत्रिका हरवली म्हणून लोक क्लार्कच्या कार्यालयात फोन करतात. पक्ष लिहिल्यानं कसलंही बंधन येत नाही, नोव्हेंबरमध्ये कोणालाही मत देता येतं.

नोंदणी निवडणुकीच्या २१ दिवस आधी झाली पाहिजे. राज्याच्या संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे देऊन होते. शपथेच्या आधी नोंदणी करू नका, एक दिवस आधीसुद्धा नाही. नाव नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर आहे तसंच, सगळीकडे एकसारखं लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून कधी येतं, कधी गळतं, आणि दोन वेगळ्या नोंदी तयार होतात.

टपाली मतपत्रिकेत आपली माणसं अडकतात ती सहीवर. लायसन्ससाठी मशीनच्या पॅडवर बोटभर रेघोटी ओढलेली असते, अर्जावर पूर्ण नाव, आणि लिफाफ्यावर सवयीनं देवनागरी. देवनागरीत सही केली तरी हरकत नाही, पण मग सगळीकडे तीच हवी. जुळली नाही तर कौंटीकडून पत्र येतं, ते दिलेल्या मुदतीत सही करून परत पाठवलं की मत मोजलं जातं. दुसरी चूक आतल्या लिफाफ्याची. त्याच्या झाकणाला प्रमाणपत्राचा कागद जोडलेला असतो, तिथंच सही करायची. तो फाडण्यासाठी आहे असं समजून लोक वेगळा करतात. तो जोडलेलाच राहू द्या, लिफाफा बंद करा आणि मोठ्या लिफाफ्यात घाला. टपालावर विसंबण्यापेक्षा मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. दुसऱ्या कोणाची मतपत्रिका तुम्ही नेत असाल तर लिफाफ्यावरचा बेअररचा रकाना भरून सही करावी लागते. आणि एकदा टपाली मतपत्रिका मागवली की केंद्रावर मशीनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती मतपत्रिका मिळते. ती मोजली जाते, पण सगळं तपासून झाल्यावर.

प्रत्यक्ष जायचं असेल तर सार्वत्रिक निवडणुकीआधी नऊ दिवस लवकर मतदान असतं आणि आपल्या कौंटीतल्या कोणत्याही लवकर-मतदान केंद्रावर चालतं. निवडणुकीच्या दिवशी मात्र स्वतःच्याच केंद्रावर, सकाळी ६ ते रात्री ८. आठ वाजता रांगेत असाल तर मत देता येतं. यादीत नाव सापडलं नाही तर तसंच परतू नका, प्रोव्हिजनल मागा. आई-वडील पुढं नागरिक झाले आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर मदतीला मुलगा, सून, शेजारीण, कोणीही आत जाऊ शकतं. नोकरीवरचा मालक किंवा युनियनचा माणूस तेवढा चालत नाही. हा हक्क फेडरल कायद्यातला आहे, केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीतला नाही.

तोपर्यंत ग्रीन कार्डवरच्या आई-वडिलांना एका गोष्टीपासून जपा. मोटर व्हेइकल कमिशनमध्ये लायसन्सच्या कामात मतदार नोंदणीचाही प्रश्न येतो. तिथं घाईत हो म्हटलं, नागरिक असल्याच्या चौकटीत खूण पडली, की प्रकरण गंभीर होतं. नागरिकत्वाचा खोटा दावा ग्रीन कार्डलाच धोक्यात आणू शकतो, आणि नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी मतदार नोंदणी केली होती का हा प्रश्न थेट विचारलेला असतो. चुकून नोंद झालीच तर लगेच रद्द करून त्याचा लेखी पुरावा ठेवा, मत तर अजिबात देऊ नका, आणि अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा. जाऊ दे, कोणाला कळणार, असं सांगणारे बरेच भेटतील.

वॉशिंग्टन अगदीच दूर आहे असंही नाही, पण त्याचा परिणाम मोजायला शिकायला हवं. राज्य आणि स्थानिक कराची वजावट २०१७ च्या कायद्यानं १०,००० डॉलरवर अडवली होती, आणि न्यू जर्सीचे दोन्ही पक्षांचे खासदार त्यावरून वर्षानुवर्षं झगडत होते. जुलै २०२५ च्या कायद्यानं ती मर्यादा ४०,००० केली. पाच लाखांवरच्या उत्पन्नाला ती घटत जाते, आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येणार आहे. तुमचा प्रॉपर्टी टॅक्स ११,०००, राज्याचा आयकर १०,००० आणि घरकर्जाचं व्याज १८,००० धरा. आधी १०,००० अधिक १८,००० म्हणजे २८,०००, जे २०२५ च्या जोडप्याच्या ३१,५०० च्या स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा (सरसकट मिळणाऱ्या वजावटीपेक्षा) कमी, म्हणून कागद जमवून उपयोग नव्हता. आता २१,००० अधिक १८,००० म्हणजे ३९,००० होतात, फरक ७,५००, आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात वाचतात १६५० डॉलर. ‘चौपट सवलत’ असं भाषणात ऐकू येतं, हातात येतं ते एवढं.

खासदाराचं कार्यालय मात्र मतदानाशिवायही उपयोगी आहे, आणि आपल्या लोकांना याचा पत्ता नसतो. पासपोर्ट अडकला, आई-वडिलांची इमिग्रेशन फाइल ठरलेल्या मुदतीपलीकडे गेली, आयआरएसचा (फेडरल कर खात्याचा) परतावा लटकला, तर मतदारसंघातल्या कार्यालयात केसवर्करकडे जा. प्रायव्हसी रिलीजचा (माहिती पाहायला परवानगी देणारा) फॉर्म ज्याची केस त्याच्याच सहीनं लागतो, त्यासोबत रिसीट क्रमांक आणि एका पानात तारखांचा क्रम. ते निर्णय बदलू शकत नाहीत, फाइल कुठं अडली हे विचारू शकतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानं ती हलते. एकाच वेळी खासदार आणि दोन्ही सिनेटर अशा तिघांकडे अर्ज टाकू नका, चौकश्या एकमेकींत अडकतात. मत कोणाला दिलं हे तिथं विचारत नाहीत.

पैशानं मदत करायची असेल तर नियम कडक आहेत. २०२५-२६ साठी एका फेडरल उमेदवाराला एका निवडणुकीत एका व्यक्तीनं जास्तीत जास्त ३,५०० डॉलर द्यायचे, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगळे मोजतात. ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते, एच-१बी वाल्याला येत नाही. मित्राच्या नावावर देऊन त्याला मागाहून पैसे परत केले तर तो गुन्हा होतो, आणि आपल्या उसनवारीच्या सवयीत हे सहज घडतं. बेरीज २०० डॉलरच्या वर गेली की नाव, व्यवसाय आणि कंपनी सगळ्या जगाला दिसते. मराठी मंडळ ५०१(सी)(३) प्रकारात, म्हणजे करमाफीची धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर गणपतीच्या मंडपातून कोणा उमेदवाराला पाठिंबा जाहीर करता येत नाही, मेयर आपल्या ओळखीचा असला तरी. सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं ठेवता येतात, मतदार नोंदणीचं टेबल लावता येतं, आणि आरतीनंतरच्या गर्दीत त्या टेबलावर बऱ्यापैकी काम होतं.

राहिली एक गोष्ट, भारतातल्या यादीतल्या नावाची. अमेरिकेची शपथ घेतल्या क्षणी नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारताचं नागरिकत्व गेलं, ओसीआय काढलं तरी मताचा हक्क येत नाही. पुण्या-नाशिकच्या मतदार यादीत नाव अजून असेल तर नमुना ७ भरून ते काढून टाका. सुट्टीत गेल्यावर शेजारच्या शाळेत चक्कर मारून बोटाला शाई लावून येण्याचा मोह होतो खरा, पण आता तो गुन्हा आहे.